सेकंदाला पावणेदोनशे

वानखेडेचं तिकीट काढलं की जागा कितीही वाईट असली तरी मॅच दिसते. खांब आडवा आला तर मान वाकडी करायची, पुढचा उंच असला तर त्याच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून बघायचं, पण दिसते. फॉर्म्युला वनच्या शर्यतीचं तसं नाही. ही जगातली बहुधा एकमेव करमणूक असेल, की जिचं तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला ती दिसत नाही आणि घरी बसलेल्याला अख्खी दिसते. सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक ५.८९१ किलोमीटर लांब आहे. तुम्हाला मिळतो त्यातला एक कोपरा. गाडी त्या कोपऱ्यात येते, कानठळ्या बसवते आणि जाते. उरलेले साडेपाच किलोमीटर ती काय करते, कुणाला मागे टाकते, कुणाशी भांडते, हे तिचं तिला आणि टीव्हीवाल्यांना ठाऊक.

विकणारे हे लपवून ठेवतात असं मुळीच नाही. तिकिटावर कोपऱ्याचंच नाव छापलेलं असतं. कॉप्स, बेकेट्स, स्टो, क्लब, अ‍ॅबी, लफील्ड. म्हणजे ब्रिटिश ग्रांप्रीचं तिकीट काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न ‘जायचं का’ हा नसतो, ‘कुठल्या कोपऱ्यात बसायचं’ हा असतो. आणि चार मराठी माणसं एकत्र आली की कुठं बसायचं यावर एकमत होईपर्यंत अर्धा हंगाम निघून जातो.

मी राहतो मिल्टन कीन्सला. ज्यांनी हे गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथं जिथं दोन रस्ते भेटतात तिथं गोल चौक आहे, आणि रस्ते सारखे भेटतच असतात. रेड बुलच्या संघाचा कारखाना याच गावात आहे. ते वळणांवर इतके पटाईत का, हे कळायला इथं एकदा दूध आणायला गाडी काढावी. सिल्व्हरस्टोन इथून एरवी अर्ध्या तासावर. शर्यतीच्या रविवारी ते किती दूर जातं, हे तुम्ही किती वाजता उठता त्यावर अवलंबून.

इतक्या जवळ राहण्याचा तोटा असा, की नातेवाइकांना वाटतं आपली आत ओळख असणार. मेव्हण्यानं रीडिंगहून फोन केला तो या वाक्यानंच. “काय हो, पास वगैरे काही होत नाही का?” हा प्रश्न मराठी माणूस बालगंधर्वच्या दारात विचारतो, गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत विचारतो, तर सिल्व्हरस्टोननं काय पाप केलंय? मीही लगेच ‘बघतो’ म्हणालो. आमच्या शेजाऱ्यांच्या भाडेकरूचा एक मित्र कुठल्याशा संघात चाकं बसवण्याचं काम करतो असं ऐकून होतो. चौकशीअंती कळलं की त्याच्या आईवडिलांनी स्वतःची तिकिटं पैसे मोजून काढली होती. त्यानंतर विषय आपोआप पैशांकडे वळला.

आमचा कंपू असा. मी आणि बायको. मेव्हणा आणि त्याची बायको. शेजारी राहणारे एक सांगलीकर, जे दर वाक्यात ‘मी २०११ ला दिल्लीजवळच्या शर्यतीला होतो’ हे सांगतात. आणि सासूबाई, ज्या तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांची सगळी नोकरी सहकारी बँकेच्या कॅश काउंटरमागे गेली. त्यांच्यासमोर कुणी ‘साधारण’, ‘अंदाजे’, ‘आगेमागे’ असे शब्द वापरले की त्या चष्मा काढून बघतात.

सांगलीकरांना हॅमिल्टन स्ट्रेटवर बसायचं होतं. समोर पिट्स, सुरुवात तिथंच, चेकर्ड झेंडा तिथंच, आणि गाडी आत आली की चारही चाकं दोन-अडीच सेकंदांत बदलतात ते डोळ्यांदेखत. “आपल्याकडं पंक्चरवाला सोल्यूशन वाळायला फुंकर मारेपर्यंत यांच्या तीन गाड्या जातात,” हे ते दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी आम्ही हसतो.

मेव्हणा जाणकार आहे. जाणकार माणसाबरोबर तिकीट काढणं म्हणजे गवयाबरोबर रेडिओ ऐकणं. आनंद त्याला होतो आणि ऐकून आपल्याला घ्यावं लागतं. त्याला मॅगॉट्स आणि बेकेट्सच हवं होतं. डावं, उजवं, डावं, उजवं अशी ती वळणांची माळ, आणि त्यातून गाडी भरधाव जाते. “तिथं गाडीची खरी जात कळते,” तो म्हणाला. त्याच्या बायकोनं विचारलं, “तिथून टॉयलेट किती लांब?” या प्रश्नाकडे त्यानं ज्या तुच्छतेनं पाहिलं ती त्याला नंतर महागात पडली, पण तो त्यांचा घरगुती मामला.

सासूबाई इतका वेळ मटार सोलत होत्या. त्यांनी ट्रॅकचा नकाशा मागून घेतला, बोट ठेवून सगळी वळणं पाहिली आणि विचारलं, “यात गाडी बराच वेळ हळू कुठं जाते?”

“लफील्डला,” मेव्हणा म्हणाला. “का?”

“मग तिथंच बसावं. जास्त वेळ दिसेल.”

मेव्हण्याचा चेहरा असा झाला की जणू कुणी भीमसेनजींना ‘जरा लवकर आटपा’ म्हटलं. पण सासूबाईंनी मटारांची पाटी बाजूला सारली, सुपरमार्केटच्या बिलाची पाठ घेतली आणि पेन्सिल मागितली. पुढचा संवाद मी जसाच्या तसा देतो.

“तिकीट केवढ्याला?”

“बऱ्या स्टँडचं, चारशेच्या आगेमा... चारशे पौंड धरा.”

“पौंडाला एकशेपंधरा. शेहेचाळीस हजार. फेऱ्या किती?”

“बावन्न.”

“एखाद्या भरधाव कोपऱ्यावर गाडी एका फेरीला किती वेळ दिसते?”

मेव्हण्यानं मनातल्या मनात हिशेब केला. कॉप्सला ताशी २९० च्या वेगानं गेली तर सेकंदाला ऐंशी मीटर, आणि बसल्या जागेवरून चारएकशे मीटर दिसतात. “पाच सेकंद.”

“बावन्न पंचे दोनशेसाठ. म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद.” पेन्सिल थांबली. “सेकंदाला एकशे सत्त्याहत्तर रुपये पडले. आता लफील्ड. तिथं ती रमतगमत जाते म्हणालास. बारा सेकंद धरू. बावन्न गुणिले बारा, सहाशे चोवीस. सेकंदाला चौऱ्याहत्तर.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. बँकेत पासबुक परत करताना ठेवत असतील तशीच.

मेव्हणा पेटला. “पण आई, गाडी एक नाही, वीस आहेत! वीस गुणिले दोनशेसाठ धर. शहाऐंशी मिनिटांच्या वर होतं!”

“त्या वीस एकदम येतात की एकेक?”

“सुरुवातीला एकदम, मग पसरतात.”

“मग एकदम येतात तेव्हा तू वीसही बघतोस का?”

यावर मेव्हण्याला बोलता आलं नाही, कारण आम्ही सगळे फक्त आपापल्या लाडक्या गाडीकडेच बघतो, हे त्यालाही माहीत होतं. २०२६ पासून गाड्या बावीस होणार होत्या. तेव्हा भाव तोच राहिला तर गाडीमागे दर आणखी उतरतो, ही त्याची पुढची पळवाटही सासूबाईंनी ऐकून घेतली, पण लिहून घेतली नाही.

आता तिकीट इतकं महाग का, हे सांगितलं नाही तर सिल्व्हरस्टोनवर अन्याय होईल. जगात बऱ्याच ठिकाणी ही शर्यत सरकार भरवतं, म्हणजे देशाचं नाव व्हावं, हॉटेलं भरावीत म्हणून सरकारी तिजोरीतून पैसा येतो. सिल्व्हरस्टोनला सरकारचा तसा आधार नाही. ट्रॅक ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबच्या मालकीचा, आणि शर्यत भरवू देण्याबद्दल फॉर्म्युला वनला जी भरभक्कम फी द्यायची ती मुख्यतः तिकिटांतूनच काढावी लागते. जुन्या करारात ही फी दरवर्षी पाच टक्क्यांनी चढत होती. २०१० मध्ये १ कोटी १५ लाख पौंड होती ती २०१७ पर्यंत १ कोटी ६२ लाखांवर गेली. गंमत म्हणजे माणसांचा पूर लोटत होता आणि क्लबाला मात्र २०१५ मध्ये २८ लाख आणि २०१६ मध्ये ४८ लाख पौंडांचा तोटा झाला. घरात कार्य आहे, मांडव भरलाय, आणि यजमान कोपऱ्यात बसून आचाऱ्याचं बिल बघतोय. शेवटी २०१७ मध्ये क्लबानं करार मोडण्याची नोटीस दिली, दोन वर्षं घासाघीस चालली आणि २०१९ मध्ये नवा करार झाला. आता शर्यत २०३४ पर्यंत तिथंच आहे. म्हणजे आमची वादावादीही निदान तोवर आहे.

सासूबाईंना हा सगळा इतिहास सांगितला. त्या म्हणाल्या, “पाच टक्के चक्रवाढ का?” चक्रवाढ म्हटल्यावर त्यांच्या मनात क्लबाविषयी पहिल्यांदा सहानुभूती दिसली.

मध्यंतरी एक आणखी प्रकार होऊन गेला. २०२३ च्या शर्यतीची तिकिटं आदल्या सप्टेंबरात निघाली तेव्हा भाव मागणीप्रमाणे हलते ठेवले होते. विमानाच्या तिकिटासारखं, जितके जास्त लोक टपलेले तितका आकडा वर. त्यात गर्दीनं वेबसाइट कोलमडली, विक्री थांबवावी लागली, पुन्हा सुरू झाली, आणि इंग्रज माणूस, जो रांगेत मरणही शांतपणे पत्करेल, तो चक्क ओरडला. तरी त्या वर्षी एकूण ४ लाख ८० हजार माणसं आली. पण २०२४ ची तिकिटं पूर्वीसारखी हातोहात खपली नाहीत, आणि २०२५ साठी सिल्व्हरस्टोननं ती हलत्या भावाची भानगड सोडून दिली. आम्ही काढली ती २०२५ ची, म्हणजे स्थिर भावाची. मराठी माणूस बाजारात उशिरा पोचतो त्याचा असाही कधी फायदा होतो.

ऑनलाइन रांग ही मात्र मला अजूनही पटलेली नाही. पडद्यावर एक छोटा माणूस डावीकडून उजवीकडे चालतो आणि तुमच्या पुढं अमुक हजार लोक आहेत असं लिहिलेलं असतं. ते लोक कोण, कुठून आले, खरंच उभे आहेत का, काही कळायला मार्ग नाही. “मी इथंच होतो, जरा पाणी प्यायला गेलो होतो” म्हणता येत नाही. पुढच्याला “तुमचं काढताना आमचंही एक काढा” म्हणून पैसे देता येत नाहीत. रांगेतल्या रांगेत ओळख निघून ‘तुम्ही कराडचे का’ होत नाही. रांगेतली सगळी माणुसकी काढून घेतली आणि फक्त वाट पाहणं तेवढं ठेवलं. सांगलीकरांनी चार यंत्रं लावली होती: दोन लॅपटॉप, फोन, आणि बायकोच्या ऑफिसचा टॅब. चारही रांगांमधली चारही छोटी माणसं वेगवेगळ्या वेगानं चालत होती आणि सांगलीकर त्यातल्या सगळ्यात पुढच्याला ‘चल रे माझ्या वाघा’ म्हणत होते. शर्यत बघायची हौस तिथंच अर्धी भागली असावी.

खरं तर या मैदानावर पहिल्यांदा शर्यत झाली तेव्हा तिकीट नावाची भानगडच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात हा विमानतळ होता, वेलिंग्टन बॉम्बर चालवायला शिकवायचा. म्हणून तर आजही तिथं वेलिंग्टन स्ट्रेट आणि हँगर स्ट्रेट आहेत. युद्ध संपलं, धावपट्ट्या ओस पडल्या, आणि १९४७ मध्ये काही हौशी मंडळींनी आपापल्या गाड्या आणून कुणाची परवानगी न घेता तिथं शर्यत लावली. ना तिकीट, ना दार, ना रांग. त्यामुळे आत एक मेंढी शिरली. गाडी आणि मेंढी यांची गाठ पडली, मेंढी गेली आणि गाडीही कामातून गेली. इंग्रजांनी त्या शर्यतीचं नाव ‘मटन ग्रांप्री’ ठेवलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात रीतसर शर्यत झाली, आणि १३ मे १९५० ला फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेची पहिलीवहिली शर्यत इथंच झाली. राजे सहावे जॉर्ज राणीसह हजर होते, अल्फा रोमिओतून फारिना जिंकला. राजेसाहेबांनी तिकीट काढलं नसणार. पण त्या मेंढीइतकं महाग फुकटचं प्रवेशपत्र पुढं कुणाला पडलं नाही.

हे ऐकल्याबरोबर सांगलीकरांनी २०११ काढलं. ३० ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडा, बुद्ध सर्किट, भारतातली पहिली ग्रांप्री. सगळ्यात स्वस्त तिकीट अडीच हजारांचं, महाग पस्तीस हजारांचं. शुक्रवारच्या सरावात ट्रॅकवर एक कुत्रा आला आणि सराव थांबवावा लागला. “म्हणजे बघा,” सांगलीकर म्हणाले, “तिकडं मेंढी, इकडं कुत्रा. जनावरांना कुणी अडवत नाही. आमची मात्र पिशवी उघडून चकल्या बघितल्या.” त्या शर्यतीत वेटेल जिंकला, तो पुढची दोन्ही वर्षं तिथं जिंकला, आणि तीन वर्षांनी शर्यतच बंद पडली. उत्तर प्रदेश सरकारनं हा खेळ नाही, करमणूक आहे, असं ठरवून करमणूक कराची मागणी लावली होती, कोर्टकचेऱ्या झाल्या. सासूबाईंना विचारलं, खेळ की करमणूक? “सेकंदाला पावणेदोनशे देऊन कुणी खेळ बघतं का?” त्या म्हणाल्या. त्यांचा निकाल सरकारच्या बाजूनं गेला.

२०११ ला विजेत्यासमोर चेकर्ड झेंडा फडकवला सचिननं. आणि सचिनचं नाव निघालं की सिल्व्हरस्टोनचा खरा मराठी अध्याय सुरू होतो. २००२ साली आपला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. सचिननं ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांची बरोबरी केली होती, आणि त्या निमित्तानं त्याला भेट म्हणून मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनाच्या किल्ल्या मायकेल शूमाकरनं त्याच्या हातात ठेवल्या त्या याच सिल्व्हरस्टोनवर. आमच्यातले सगळे आत जाताना पाकीट रिकामं करतात. हा एकटा मराठी माणूस आत गेला आणि गाडी घेऊन बाहेर आला. अर्थात हिशेब कुणालाच चुकत नाही. गाडी मुंबईला आणताना आयात शुल्क निघालं १ कोटी १३ लाख. सरकारनं ते माफ केलं, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी रक्कम गाडी भेट देणाऱ्या फियाटनंच भरली. सासूबाईंनी चष्मा काढला. “फुकट मिळालेल्या वस्तूवर एक कोटी तेरा लाख? मग तुमचे चारशे पौंड फार नाहीत.” ही आम्हाला मिळालेली मंजुरी असं समजून आम्ही पुढं सरकलो.

पण त्यांचा दुसरा प्रश्न तयार होता. “आणि शर्यत झालीच नाही तर?”

हा प्रश्न विचारू नये, कारण त्याची उत्तरं भयंकर आहेत. २९ ऑगस्ट २०२१ ला बेल्जियममध्ये स्पाला पाऊस थांबेना. माणसं तासन् तास भिजत बसली. अखेर वेग आवरून धरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागं गाड्या ओळीनं दोनचार फेऱ्या फिरल्या आणि जाहीर झालं की झाली शर्यत. नोंदीत तिचा वेळ तीन मिनिटं सत्तावीस सेकंद. एकही गाडी कुणाच्या पुढं गेली नाही, गुण अर्धेच दिले, आणि व्यासपीठावरचा सोहळा मात्र पुरा झाला. २००५ ला इंडियानापोलिसमध्ये मिशेलिनचे टायर त्या ट्रॅकवर भरवशाचे नाहीत असं ठरलं, आणि ते टायर असलेल्या सगळ्या गाड्या एक फेरी मारून आत गेल्या. उरल्या सहा. शूमाकरनं त्या सहांत पहिला नंबर काढला. इथं मात्र मिशेलिननं प्रेक्षकांचे पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीची वीस हजार तिकिटंही विकत घेऊन दिली. अमेरिकेतच २०२३ ला लास व्हेगासमध्ये पहिला सराव सुरू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच रस्त्यातलं एक झाकण निघून साइन्झच्या फेरारीला खालून लागलं. सराव बंद. दुसरा सराव मध्यरात्र उलटून गेल्यावर झाला, आणि त्याआधी प्रेक्षकांना बाहेर काढलं. ज्यांच्याकडं फक्त त्या दिवसाचं तिकीट होतं त्यांना दोनशे डॉलरचं कूपन मिळालं. कशाचं? त्यांच्याच दुकानातल्या टोप्या आणि टीशर्ट घेण्याचं.

“म्हणजे गटाराच्या झाकणासाठी टोपी,” सासूबाई म्हणाल्या.

सिल्व्हरस्टोनवरही २००० साली शर्यत एप्रिलमध्ये, ऐन ईस्टरला ठेवली होती. पावसानं गाड्या लावायच्या कुरणांचा चिखल झाला आणि शनिवारी लोकांना सांगण्यात आलं की तिकीट असलं तरी कृपा करून येऊ नका. त्यानंतर शर्यत उन्हाळ्यात आली आणि तिथंच राहिली. उन्हाळा म्हणजे इंग्लंडचा उन्हाळा. त्यातही छत्री लागते.

एवढ्या चर्चेनंतर काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. हॅमिल्टन स्ट्रेटचा आकडा बघून सांगलीकरांनी लॅपटॉप मिटला. बेकेट्सला टॉयलेटचा प्रश्न सुटेना. लफील्डला बसायचं म्हणजे सासूबाईंचं ऐकल्यासारखं झालं असतं, म्हणून मेव्हण्यानं ते नामंजूर केलं. शेवटी आम्ही काढलं जनरल अ‍ॅडमिशन. म्हणजे स्टँड नाही, खुर्ची नाही. ट्रॅकच्या कडेला गवताचे उतार आहेत, तिथं जागा पटकवाल ती तुमची. ही पद्धत कळल्यावर पूर्ण कंपूत चैतन्य आलं. जागा पटकवणं! हे शिकायला आम्हाला कुणाच्या अकादमीत जायची गरज नव्हती.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांनी शांतपणे विचारलं की टीव्हीवर दाखवत नाहीत का. मी सांगितलं की एरवी पैसे भरावे लागतात, पण ही एकच शर्यत चॅनल फोर थेट दाखवतं. “फुकट?” “फुकट.” झालं. त्यांचं तिकीट तिथंच वाचलं. “तुम्ही जा. मी पुरणपोळी करून ठेवते.”

रविवारी पहाटे आम्ही निघालो तेव्हा डिकीत घडीच्या खुर्च्या, ताडपत्री, दशम्या, चटणी, कानात घालायचे बोळे आणि दोन थर्मास होते. गाडी लावायचे वेगळे पैसे आधीच भरलेले. दारं उघडली तशी माणसं चालत निघाली; म्हणजे चालतच होती, पण ज्या चालीनं कोल्हापूरच्या स्टँडवर माणसं पुण्याच्या गाडीकडं चालतात त्या चालीनं. सत्तरीचे एक साहेब, डोक्यावर फेरारीची लाल टोपी, दोन्ही बगलांत खुर्च्या घेऊन मला मागं टाकून गेले. मेव्हणा पुढं होता. मला लांबून दिसलं की तो उताराच्या मधोमध थांबला, खिशात हात घातला आणि पांढरा रुमाल काढून गवतावर अंथरला. पिढ्यान्‌पिढ्यांची एसटी त्याच्या रक्तातून बोलत होती. शेजारच्या इंग्रज कुटुंबानं रुमालाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आदरानं आपली चादर दोन फूट पलीकडं सरकवली.

समोर कोपरा होता. कोणता ते विचारू नका, मेव्हणा आणि सांगलीकर यांच्यात अजून वाद आहे. मोठा पडदाही होता, पण दुपारी ढग आले आणि आमच्या पुढं छत्र्यांची भिंत उभी राहिली. पडदा छत्र्यांमागे गेला. कर्ण्यावरून निवेदक बोलत होता, त्यातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द नेमका गाडीच्या आवाजाखाली यायचा. पाऊस वाढला, सेफ्टी कार आली. दोन्ही केशरी मॅकलॅरन समोरून गेल्या. पुढची कुणाची, मागची कुणाची, कळेना. मेव्हण्यानं कानातले बोळे काढून घरी फोन लावला.

“आई, पुढं कोण आहे?”

“तुमच्या समोरनंच गेला की आत्ता! मला दिसलं. निळी छत्री आहे ना तुमच्याजवळ?”

“अगं पण कोण तो?”

“पियास्त्री. दुसरा केशरी नॉरिस, तो मागे. पोरगं बरं चालवतंय. थांब, गॅस बारीक करून येते.”

आम्ही पाच माणसं, चकाकणारं गवत, एका थर्मासवर धरलेली ताडपत्री, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला कढईचा आवाज. त्या दिवशी शर्यत आम्ही अशी बघितली. मधूनमधून सासूबाई स्वतःच फोन करायच्या. आता तिकडं पाऊस वाढणार म्हणतायत, डोकी झाका. ती हिरवी गाडी बघा, तो हल्केनबर्ग म्हणून आहे, एकोणिसावा निघाला होता आणि तिसरा आलाय. पंधरा वर्षं चालवतोय म्हणे, अजून एकदाही पहिल्या तिनांत नव्हता, बिचाऱ्याला आज तरी द्या. जणू बक्षीस आमच्या हातात होतं. पण तिसरा तो आलाच, आणि सासूबाई तो सगळा वेळ बरोबर होत्या.

त्याआधी एकदा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता.

“अरे, तुमच्या त्या पुढच्याला दंड केला! सेफ्टी कारच्या मागं असताना मध्येच ब्रेक दाबला म्हणे. दहा सेकंद!”

“दहा सेकंद?” मेव्हणा ओरडला. “मग नॉरिस जिंकणार! संपलं!”

“संपलं काय? दहा सेकंद म्हणजे केवढे झाले माहितीये का?” आम्हाला पेन्सिल दिसत नव्हती, पण ती चालताना ऐकू येत होती. “सतराशे सत्तर रुपये! लफील्डला बसला असता तर सातशे चाळीसवर भागलं असतं.”